सशांची जोडी जमत नाही तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे वर्षभराची सशाची मादी आहे. तिला सोबत म्हणून दोन महिन्यांपूर्वी चार महिन्यांचा नर आणला. तिच्या पिंजऱ्यात सोडताच ती त्याच्या अंगावर धावून गेली, केस उपटले, नाकावर ओरखडा काढला. आता पिंजरे वेगळे आहेत, पण चिकटून ठेवलेत. ती सारखी जाळी चावते, तो जिथे तिथे लघवी उडवतो. दुकानदार म्हणतो, ‘ठेवा एकत्र, भांडून भांडून गप्प होतील.’ तसं करावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. सशांच्या भांडणात कान फाटतो, डोळा जातो, पोटाची कातडी उघडी पडते. तुमची मादी रागीट नाही. हनुवटी घासून, लेंड्या टाकून तिने तो पिंजरा आपला करून ठेवलाय आणि आत घुसलेल्याला ती हाकलणारच. चूक जागेची आहे, स्वभावाची नाही.

आधी दोघांना सशांवर उपचार करण्याचा सराव असलेल्या पशुवैद्याकडे न्या आणि नर हा नरच आहे याची खात्री करून घ्या. लहान पिल्लांचं लिंग ओळखण्यात दुकानात नेहमी गफलत होते. मग दोघांचीही नसबंदी करा. लघवी उडवणं, अंगावर चढणं, हद्दीवरून हल्ला करणं यामागे मुख्यतः हार्मोन्स असतात. शिवाय मादीचा गर्भकाळ जेमतेम 31 दिवसांचा आणि व्यायल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये उतारवयात गर्भाशयाचा कर्करोगही फार आढळतो. शस्त्रक्रियेआधी कुत्र्यामांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. सशाला उलटी होतच नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडं मंदावतं. शस्त्रक्रियेनंतरही नर सहा आठवड्यांपर्यंत प्रजननक्षम राहू शकतो आणि हार्मोन्सही हळूहळूच उतरतात. तेवढे सहा आठवडे थांबा.

हा काळ वाया जाऊ देऊ नका. चिकटलेले पिंजरे आजच हलवा. जाळीतून नाक आणि पायाची बोटं चावली जातात. दोन जाळ्यांमध्ये चार बोटं अंतर हवं. वास पोचला पाहिजे, दात पोचता कामा नयेत. एवढ्यानेही मादी बिथरत असेल तर आधी खोलीच्या दोन टोकांना ठेवा आणि रोज थोडं जवळ आणा. दिवसाआड अंथरलेला टॉवेल किंवा लघवीचा ट्रे बदलून द्या, पुढे पिंजरेच बदला. गवत आणि कोथिंबीर दोघांना एकाच वेळी, जाळीलगत द्या. दोघं जाळीपाशी पाय पसरून, एकमेकांकडे पाठ करून निवांत पडू लागले की पुढची पायरी.

समोरासमोर आणायची जागा दोघांनाही परकी हवी. दोघांपैकी कोणीच गेलेलं नसेल तर बाल्कनी किंवा न्हाणीघर चालतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की ससा आणखी घाबरतो, म्हणून सतरंजी अंथरा. साधारण चार बाय सहा फूट जागा पुरे. गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी ठेवा. एकच तोंड असलेलं खोकं नको, त्यात एक जण कोंडला जातो. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, आणि दोघं शांत असतानाच उचला.

थोडा पाठलाग, थोडे केस उपटणं, अंगावर चढणं हे चालायचंच; वरचा कोण ते ठरतंय. पण कोणी उलटं, तोंडाच्या बाजूने चढलं तर लगेच उतरवा, खालचा ससा जननेंद्रियाला चावू शकतो. खरी धोक्याची खूण वेगळी : कान मागे सपाट, शेपटी वर, आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरू लागतात. पुढच्या क्षणी केसांचा भोवरा उठतो. जाड टॉवेल आणि केराची सुपली हाताशी ठेवा आणि सुपली मध्ये घाला. उघडा हात घातलात तर टाके पडतील. भांडण झालंच तर केस बाजूला सारून पोट, कान, जननेंद्रिय तपासा. दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते, आत मात्र घट्ट पू साठतो. मग काही दिवस जाळीआड ठेवून पुन्हा सुरू करा.

भेटीची वेळ हळूहळू वाढवत न्या. त्या परक्या जागेत सलग 48 तास, रात्र धरून, कुरबुरीशिवाय गेले की कायमच्या जागी हलवा. ती जागा आधी पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा, सामानाची मांडणी बदला. या सगळ्याला कधी आठवडा लागतो, कधी महिने.

‘गाडीतून फिरवून आणा, आपोआप चिकटतात’ असाही सल्ला मिळेल. चिकटतात ते भीतीने. त्या भीतीपायी आतडं बंद पडू शकतं, आणि गाडी थांबल्यावर भांडण तिथंच असतं.

प्रश्न : आमची जोडी वर्षभर गुण्यागोविंदाने राहत होती. वाढलेले दात घासून कमी करून घेण्यासाठी नराला डॉक्टरांकडे ठेवावं लागलं. परत आल्यावर मादीने त्याला ओळखच दिली नाही, चावायला धावली. – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास आहे. त्याला जाळीआड ठेवा, दोघांचे टॉवेल बदला आणि एक-दोन दिवसांनी परक्या जागेत भेटवा. जुनी जोडी सहसा लवकर जुळते. पुढच्या वेळी आजारी एकच असला तरी दोघांना एकाच टोपलीतून न्या.

प्रश्न : नवा ससा आल्यापासून जुना कोपऱ्यात बसून असतो, गवताला तोंड लावत नाही, लेंड्या बारीक झाल्यात. इथे ऊनही कडक आहे. ताण आहे की आजार? – एक वाचक, अकोला

उत्तर : सशात ताणाचा आजार व्हायला एक दिवस पुरतो. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, की त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, रात्र काढू नका. पाठीचा कुबड काढून बसणं आणि दात जोरात करकर वाजवणं म्हणजे वेदना. कुरवाळताना येणारी हलकी करकर मात्र समाधानाची असते. पोट ढोलासारखं ताठ असेल तर तोंडाने काहीही भरवू नका. घरातलं अँटिबायोटिकही देऊ नका : अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

आजार नाही असं ठरलं तरी भेटीगाठी थांबवा, नव्याचा पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या आणि जुन्याला दोन तोंडांचं खोकं द्या. आहारात वाळलेलं गवत भरपूर हवं, दूर्वाही चालतील. लसूणघास रोजची नको, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. तापमान तिशीच्या वर गेलं की ससा उष्म्यानेच हैराण होतो; त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटेच निघते. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, ओल्या बोटांनी कान पुसा, अंघोळ घालू नका. विदर्भात एप्रिल-मेमध्ये जोडी जुळवायला घेऊच नये. तोवर दोघं वेगळे, गारव्याला राहू देत. पावसाळा सुरू झाला की मग वासाच्या अदलाबदलीपासून सुरुवात करा.