सातबाऱ्यावर दोन नावं, सही एकाचीच

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, शेवटी यंदा तपासण्या केल्या तर माझं सगळं नॉर्मल निघालं आणि ह्यांचा काउंट कमी आला. मी इतकी टेन्शनमध्ये होते की अक्कलकोटच्या मोठ्या बहिणीला फोनवर सगळं सांगून टाकलं. तिनं आईला सांगितलं. आणि आई गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सासूबाईंना भेटली तेव्हा काळजीपोटी विचारून बसली, "जावईबापूंची ट्रीटमेंट कशी चाललीय?" सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं! आता हे माझ्याशी धड बोलेनात, म्हणतात अब्रू घालवलीस. सख्ख्या बहिणीशीपण बोलायचं नाही का मी? आणि बहीण म्हणते, "आईला सांगू नको असं कुठं म्हणाली होतीस?" चूक कुणाची?

उत्तर : सक्रांतीच्या तोंडावर सांगितलंत आणि तुमच्या माहेरी तोंडात तीळ भिजला नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते बरोबर नाही. हेतू कुणाचाच वाईट नव्हता, तरी घरात भडका उडाला, म्हणजे गाठ दुसरीकडे आहे.

सँड्रा पेट्रोनियो नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंनी नेमका ह्याच विषयावर आयुष्यभर अभ्यास केलाय, १९९१ साली त्यांनी त्याची पहिली मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की खाजगी गोष्टीला माणूस आपली मालमत्ता समजतो, आणि ती कुणाला सांगितली की ऐकणाराही तिचा मालक होतो, मग पुढं कुणाला सांगायचं, किती सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवावं लागतं, नाही ठरवलं तर हमखास गोंधळ. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखंच आहे बघा. ह्या रिपोर्टच्या सातबाऱ्यावर पहिल्यापासून दोन नावं होती. तुम्ही दुसऱ्याची सही न घेता तिसरं चढवलंत, बहिणीनं चौथं चढवलं, आणि इथं चढलेलं नाव कुठलाच तलाठी कमी करून देत नाही.

म्हणून बहिणीशी बोलायचंच नाही का? बोलायचं की! पण त्या फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. "आमची ट्रीटमेंट चालू आहे, मी पार थकलेय, रडू येतं" हे तुमचं, ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. "ह्यांचा काउंट कमी आलाय" हे त्यांच्या शरीराचं, ते आधी त्यांना विचारून.

बहिणीचं म्हणाल तर तिचं उत्तर उद्धट वाटलं तरी त्यात दम आहे. आपल्या घरांत "कुणाला सांगू नको" म्हटलं तरी त्यात आई धरतच नाहीत, आणि तुम्ही तर तेवढंही म्हणाला नव्हतात. पुढच्या वेळी विषय काढायच्या आधीच स्पष्ट सांगा, आईलापण नाही, भावजींनापण नाही. सांगून झाल्यावर घातलेल्या अटीला कुणी विचारत नाही. आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो आजच डिलीट करायला लावा. (कायद्याचा इथं उपयोग नाही. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला हे खरं, २०२३ चा डेटा संरक्षण कायदापण आहे, पण एखाद्यानं स्वतःच्या घरगुती कामापुरती वापरलेली माहिती त्या कायद्यानंच बाहेर ठेवलीय. डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन असतं, बहिणीवर नसतं.)

आता हे तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या. साहेब, तुमचा राग समजतो, पण एवढी वर्षं "गुड न्यूज कधी?" हे हळदीकुंकवात कुणाला विचारत होते? रिपोर्ट गुपित राहिला तर दोष आपोआप बायकोच्या माथी जातो, लोक तसंच धरून चालतात. गुपित ठेवायचा हक्क तुमचा, मान्य, पण मग त्याचं ओझं एकट्या तिच्यावर नको, आईनं विषय काढला की उत्तर तुम्ही द्यायचं. सासूबाईंशी आताही तुम्हीच बोला, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. आणि एक रिपोर्ट कमी आला म्हणून खचू नका, डॉक्टर बहुतेक वेळा ही तपासणी परत करायला लावतातच.

प्रश्न : मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. जोडीदार मित्रानं बायकोचे दागिने गहाण टाकून कर्ज काढलंय, वहिनींना पत्ता नाही. मला शपथ घालून सांगितलं. आता वहिनी फोन करून विचारायल्यात, हे एवढे गप्प का असतात म्हणून. काय करू?

उत्तर : न मागता गळ्यात पडलेलं गुपित, हा प्रकार फार वाईट. तुम्ही स्वतःहून वहिनींना सांगायला जाऊ नका, पण त्याच्यासाठी खोटंही बोलू नका. मित्राला गाठा आणि सरळ सांगा, दागिने वहिनींचे आहेत, त्यांना माहीत असायलाच पाहिजे, पुढच्या पगारापर्यंत तू सांग, त्यानंतर त्यांनी मला विचारलं तर मी "माहीत नाही" म्हणणार नाही. चिडेल, चिडू द्या. तोवर वहिनींचा फोन आला तर "त्यालाच विचारा" एवढंच म्हणा.

आणि त्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला नाहीत ना? राहिला असाल तर हे गुपित आता तुमच्याही घरचं आहे, स्वतःच्या बायकोला आज रात्रीच सांगा.