जपानी रहस्यकथाकार केगो हिगाशिनो यांची ‘न्यूकमर’ ही कादंबरी फार संथ आहे असे ऐकले. तरी वाचावी का?

अवश्य वाचावी, मात्र पाठलाग आणि झटापटींची अपेक्षा ठेवू नये. टोकियोच्या निहोनबाशी भागात एकट्या राहणाऱ्या स्त्रीचा खून होतो आणि तिथल्या ठाण्यात नुकताच बदलून आलेला कागा हा पोलीस अधिकारी सेनबेईचे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचे दुकान, चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान, घड्याळजी अशा एकेका उंबरठ्यावर जाऊन वरकरणी क्षुल्लक प्रश्न विचारतो. २००९ साली जपानीत पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीच्या बहुतेक प्रकरणांत खुनाचे कोडे सुटण्याआधी त्या त्या घरातलेच एखादे लपवलेले दुखणे उलगडते. मला तर खुनी कोण यापेक्षा सासू-सुनेची धुसफूसच अधिक लक्षात राहिली. नावांचा गोंधळ होतो, म्हणून शेजारी कागद ठेवावा.