"ती फक्त अभ्यासाचंच बघते"

प्रश्न : माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. 'नीट'साठी लातूरला रिपीटर बॅचला घातलंय. खोली करून राहते, मेसचा डबा आहे. ती फोनवर वायफळ काही बघत नाही, हे खात्रीनं सांगतो. 'स्टडी विथ मी'चे, म्हणजे कुणीतरी तासनतास अभ्यासाला बसल्याचे व्हिडिओ, टॉपर मुलांची टाइमटेबलं, टेलिग्रामवर इतरांच्या टेस्टचे मार्क, एवढंच. पण रात्री दीड-दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन दिसते. दर रविवारी टेस्ट झाली की मी संध्याकाळी फोन करून मार्क विचारतो. ऑगस्टात ७२० पैकी ५९० पडले, तेव्हा भावकीच्या ग्रुपवर टाकलेही होते. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिथून मार्क उतरतच गेले. दिवाळीला आली तर कुणाशी बोलेना. जेवताना एकदम म्हणाली, "पप्पा, माझं काही होणार नाही." फोन काढून घ्यावा म्हणतो, पण क्लासच्या नोट्स, डाउट, निकाल सगळं त्यावरच येतं. काय करू?
— एक वडील, जिंतूर तालुका

उत्तर : आधी जेवतानाच्या त्या वाक्याचं बघू, फोनचं नंतर. ते परीक्षेबद्दल होतं की जगण्याबद्दल, हे पत्रावरून मला कळत नाही आणि तुम्हीही तिला विचारलेलं दिसत नाही. याच आठवड्यात लातूर गाठा. समोर बसून सरळ विचारा, "जीव नकोसा होतो का गं कधी?" विचारल्यानं नको ते डोक्यात येतं, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तरी तिला एकटीला सोडून परतू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्याकडेही असू द्या. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता "फक्त अभ्यासाचंच बघते" याबद्दल. भाऊ, तिच्या लेखी तो अभ्यास असेल, अ‍ॅपला त्याच्याशी देणंघेणं नाही. बोट कुठे किती वेळ थांबलं, यावर त्याचं लक्ष. पहाटे चारला उठून चौदा तास बसणारी मुलगी दिसली की तुमची लेक धास्तावून थांबते. अ‍ॅपच्या हिशेबात ती आवड ठरते, मग तशाच आणखी मुली पुढ्यात येतात. त्याला तळ लागत नाही, कारण तळ ठेवलेलाच नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची ही करामत एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरची, २००६ सालची. पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी. त्यांनी २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात एक नोंद होती : आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखीच वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. तिकडे चेहरा आणि कंबर होती, लातूरच्या खोलीत ७२० पैकी मार्क आहेत. ६८० वाला स्क्रीनशॉट टाकतो, ४३० वाला गप्प बसतो. वाचणाऱ्या पोरीला वाटतं, आख्खं लातूर ६८० वर बसलंय.

सगळं खापर मी फोनवर फोडणार नाही. संशोधकांतच यावर वाद आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठमोठ्या पाहण्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी लागला. सरासरीचं ते खरं असेलही. पण घरापासून लांब, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली, दोनला झोपणारी मुलगी सरासरीत बसत नाही.

मला सगळ्यात जास्त झोप खटकते. या वयाला आठ तास तरी हवेत. दोनला झोपून सकाळच्या क्लासला पळणारीला पाचही मिळत नसतील, आणि अपुऱ्या झोपेवर आदल्या दिवशी पाठ केलेलं टिकत नाही. मार्क उतरायला एवढं कारणही पुरतं. साधं गजराचं घड्याळ घेऊन द्या. दहा वाजता फोन घरमालकिणीकडे किंवा शेजारच्या खोलीत, पण तिनं स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. हिसकावलात तर मैत्रिणीचा मिळेलच, वर तुम्हाला काही सांगणंही बंद होईल. टेलिग्रामच्या त्या मार्कांच्या ग्रुपमधून बाहेर पडायला सांगा. क्लासचा ग्रुप राहू दे.

आणि तुमचं काय? ती दीडला ऑनलाइन दिसते, म्हणजे तुम्हीही दीडला फोन हातात धरून जागे आहात. तेही एक वेळ सोडा. ते ५९० तुम्ही भावकीत नेऊन ठेवलेत. आता ५२० पडले तर ते तिचे एकटीचे राहिले नाहीत. काका, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांना त्याचा हिशेब द्यावा लागणार. टेलिग्रामवरची माणसं तरी परकी आहेत, ग्रुप सोडला की संपली. भावकी दिवाळीला ताटासमोर बसते. ती कुणाशी बोलेना याचं मला तरी नवल वाटलं नाही. ग्रुपवर पुन्हा मार्क टाकू नका. कुणी विचारलंच तर "चाललाय अभ्यास" एवढं पुरे. रविवार संध्याकाळचा फोन बंद करा. शनिवारी करा, मेसला काय भाजी होती ते विचारा. मार्क सांगायचे असतील तर ती सांगेल.

प्रश्न : ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. आपल्याकडे का नको?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तिकडे १० डिसेंबर २०२५ पासून ते लागू झालं आणि दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही, हे मला पटतं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, अशी तरतूद आहेच. पण आईच्या फोनवर, आईची जन्मतारीख टाकून पोरगं खातं उघडतं आणि आईला ते ठाऊकही असतं. त्या घरात कायदा कुठून शिरणार?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावासारखं आमच्या घरी सातला टीव्ही-फोन बंद करायचं ठरवलं. नववीतला मुलगा म्हणतो, "मीच का?" सासूबाईंची मालिका असते, यजमानांचं दूध संस्थेचं काम फोनवर चालतं.
— एक आई, पलूस तालुका

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून सातला भोंगा वाजतो, तो आख्ख्या गावासाठी. दीड तास सगळ्यांचंच बंद, त्यामुळे मित्र ऑनलाइन आणि आपण एकटेच बाहेर, असं कुठल्या पोराला वाटत नाही. सासूबाईंना मालिकेचा तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी लावून द्या. यजमानांनी दुधाचा हिशेब साडेआठनंतर बघावा. ते तयार नसतील, तर सातला मुलाचा फोन मागू नका.