पंपहाऊसवरची कपात: राजीनाम्यावर सही करू देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची पंपहाऊसवर 11 वर्षं झाली, आता स्काडा (पाण्याचे पंप, प्रेशर कॉम्प्युटरवरून बघायची यंत्रणा) बसवला, रिस्ट्रक्चरिंग चाललंय, राजीनामा द्या मग नव्या कंपनीत जॉइनिंग देतो असं सांगायलेत. पहिलं एकच सांगतो, सही करू देऊ नका. आमच्याकडं ठेकेदार बदलला तेव्हा शिफ्ट सुटताना गेटवर टाइप केलेला कागद पुढं केलेला, 'स्वखुशीने' हा शब्द आधीच छापलेला, खाली फक्त सहीची जागा. चौघांनी घाईत केली, त्यातल्या दोघांना परत कुणी बोलावलंच नाही.

कंपनीनं कपात केली तर महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि दर वर्षामागं 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा दिला की ही भरपाई गेली. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी, ती 5 वर्षं भरली असली की राजीनाम्यानंतरही मिळते. तिचा हिशोब असा: समजा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) महिन्याला 15,600, त्याला महिन्याचे कामाचे दिवस म्हणून 26 नं भागलं की 600, पंधरा दिवसांचे 9,000, अकरा वर्षांचे 99,000 होतात. हे हातात न घेता नवीन जॉइनिंग घेतली तर तिकडं सर्व्हिस शून्यापासून धरतात आणि मग जुना नव्याकडं, नवा जुन्याकडं बोट दाखवतो, हेलपाटे मात्र आपल्याला. ट्रान्सफरच असेल तर जुनी सर्व्हिस सलग धरणार हे लेटरवर लिहून मागा.

पीएफचं पासबुक आजच डाउनलोड करा, कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीनं पैसे भरले ते त्यात दिसतं. पगारस्लिपा, गेटपास, हजेरीचे फोटो, सगळं एका जागी ठेवा, कारण कपातीची भरपाई मागताना वर्षात 240 दिवस भरले हे दाखवायला लागतं. मिस्टरांच्या मागून त्याच कामावर लागलेली पोरं ठेवून यांना काढत असतील तर कारण लेखी मागा, नियम शेवटी आलेला आधी जाईल असा आहे.

आणि स्काडा आला म्हणून माणूस नको, हे मला अजिबात पटत नाही. स्क्रीनवर प्रेशर दिसतं हो, पण आपल्याकडं पाणी दिवसाआडसुद्धा नाही, उजनी धरणावरून येणारी पाइपलाइन फुटली की सगळं रोटेशन पुढं ढकलतं, तेव्हा कुठल्या बोळात किती आटे खोलायचे, कुठला जुना व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे चावीवाल्याच्या, म्हणजे व्हॉल्व्ह खोलणाऱ्या माणसाच्या, हातालाच माहीत.

दबाव वाढला तर सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. शक्यतो चार-पाच जणांनी मिळून जा.