'याला कशातच रस नाही ओ, मॅडम'

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांची एक तक्रार ठरलेली असते : एवढं फिरवून आणलं, पण पोरानं मोबाईलमधून मान वर काढली नाही.

दुसरीतल्या एका मुलाचे आईवडील असेच आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप. म्हणाले, "राधानगरीला नेलं, धरण दाखवलं, जंगल दाखवलं. हा विचारतोय, घरी कधी जायचं? याला कशातच रस नाही ओ, मॅडम."

तिथं तुम्ही त्याच्याशी काय बोललात, असं विचारलं. हे कुठलं झाड, सांग. इकडं बघ, फोटो काढतो. अरे, मातीत काय बघत बसलायस?

मातीत तो काय बघत होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुलाला विचारलं तर सुरूच झाला : मुंग्या मेलेला नाकतोडा ओढत होत्या, मध्ये दगड आला की वळसा घालत होत्या, आणि एक मुंगी नुसतीच त्याच्यावर बसून चालली होती!

धरण, डोंगर, सूर्यास्त ही मोठ्यांची हौस. या वयाची मुलं गुडघ्याखालचं जग बघतात. तिकडं आपण मान वळवली तर ती रमतात. परीक्षा घ्यायला लागलो की मिटतात.

मी म्हटलं, राधानगरी राहू दे. शाळेची रिक्षा यायच्या आधी दहा मिनिटं खाली उतरा. प्रश्न नाहीत, फोटो नाहीत. कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडं बघायला गल्लीतच काय कमी असतं? पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की रात्री जमीन लवकर गार होते, दव पडतं, आणि एरवी न दिसणारी कोळ्यांची जाळी कुंपणावर उठून दिसतात. शेपटी हलवत धोबी पक्षी येतात. गावाबाहेर उसाला तुरे आलेले असतात.

आई म्हणाली, "आम्हालाच झाडांची नावं येत नाहीत." बरंच झालं. 'मला पण माहीत नाही, बघूया की' हे ऐकलं की मूल जवळ सरकतं.

सुरुवातीला आईच कंटाळली. मग त्यांच्या कॉलनीतल्या बुचाच्या झाडानं काम केलं. सकाळी टवटवीत दिसणारी पांढरी फुलं शाळेतून येईपर्यंत तपकिरी का होतात, हे त्यानंच विचारलं. बुच रात्री उमलतो, त्याच्या लांब नळीतला मध लांब सोंडेच्या पतंगांना पोचतो, हे आईनं शोधून सांगितलं. आजीनं त्या नळ्या एकमेकींत अडकवून बिनदोऱ्याची वेणी शिकवली. त्याची वाकडी झाली, पण तीच वर्गातल्या बाईंना नेऊन दिली.

मोबाईल सुटला का? नाही, जेवताना अजून लागतो. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आमचं काम चालू आहे.

परवा वडिलांची नवी तक्रार आली : खिशातल्या काड्या, बिया वॉशिंग मशीनमध्ये जातात. बुटांचा एक खोका द्या, म्हटलं. भरला की काय ठेवायचं ते त्यालाच ठरवू दे. फक्त लालभडक गुंजा, धोतऱ्याची काटेरी फळं आणि कण्हेर यातलं काही त्या खोक्यात नको. घरात धाकटी बहीण रांगतेय, आणि ही तिन्ही पोटात गेली तर जिवावर बेततं.