वाचक विचारतात: मागच्या सबफ्रेमचे बुश आणि त्यांच्या वरचा पत्रा

प्रश्न: माझ्याकडे २००४ सालची बीएमडब्ल्यू झेड४ आहे. कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘खट्’ असा एकच आवाज येतो आणि गाडीची मागची बाजू क्षणभर सरकल्यासारखी वाटते. गंगापूर रोडवरील गतिरोधक ओलांडताना दबका ठोका ऐकू येतो. मागचे शॉकॲब्सॉर्बर नवे आहेत, व्हील अलाइनमेंट दोनदा करून घेतली, तरी टायरची आतली कड झिजतेच आहे. सबफ्रेमचे चारपैकी दोन बुश फाटले आहेत, तेवढेच बदलून रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे टाकावेत, असे गॅरेजमध्ये सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: पाय काढताच आवाज येतो, हे आपण नेमके टिपले आहे आणि निदानाची किल्ली त्यातच आहे. मागची सबफ्रेम म्हणजे डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) आणि मागच्या चाकांचे बहुतेक आर्म, म्हणजे चाके धरून ठेवणारे दांडे, ज्या लोखंडी चौकटीवर बसवलेले असतात ती चौकट. ती गाडीच्या तळाला चार रबरी बुशांमधून, म्हणजे हादरे पचवणाऱ्या गोल गाद्यांमधून, बोल्टने जोडलेली असते. इंजिन चाकांना ढकलत असते तेव्हा ही चौकट एका बाजूला रेटली जाते आणि पाय काढला की रेटा उलटतो. रबर शाबूत असेल तर ते हा बदल हळूच पचवते. फाटले असेल तर चौकट मोकळी जागा संपेपर्यंत सरकते आणि आदळते. चौकट सरकली की तिच्यावर बसलेली दोन्ही चाकेही दिशा बदलतात, त्यामुळे मागची बाजू हलल्यासारखी वाटते. दोनदा अलाइनमेंट करूनही उपयोग का झाला नाही, याचे उत्तरही बहुधा इथेच आहे: मापे घेताना गाडी उभी होती आणि चूक चालत्या गाडीत होत होती.

तरीही प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे) रबरी कपलिंग, डिफरन्शियलचा बुश आणि ट्रेलिंग आर्मचा, म्हणजे चाकापासून पुढे जाऊन गाडीच्या तळाला जोडलेल्या आर्मचा, पुढचा बुश हेही असाच आवाज करू शकतात. गाडी रॅम्पवर घेऊन चौकट आणि तळ यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून चारही ठिकाणी हलका जोर द्यावा आणि रबर कुठे उघडते ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. या गाडीला कंपनीने रन-फ्लॅट टायर (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) दिलेले असतात आणि त्यांच्या कडक भिंतींमुळे खड्ड्यातला प्रत्येक धक्का मोठा वाटतो. आपले टायर तेच असतील, तर गतिरोधकावरच्या ठोक्यापेक्षा घाटातल्या आवाजावर अधिक विश्वास ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. बुश बदलण्यापूर्वी ते ज्या पत्र्याला जोडलेले असतात तो पत्रा तपासून घ्या. आपल्या गाडीची मागची रचना त्याच काळातील ३-सिरीजवरून, म्हणजे ई४६ वरून घेतलेली आहे, आणि त्या गाड्यांमध्ये सबफ्रेमच्या बोल्टांभोवतीचा तळाचा पत्रा तडकण्याचा दोष प्रसिद्ध आहे. आपल्या गाडीत तो असेलच असे नाही, परंतु फाटलेल्या बुशांवर बराच काळ चाललेल्या कोणत्याही गाडीत या जागांनी अनावश्यक हादरे सोसलेले असतात. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर अशी एक गाडी आली होती, जिला चारही नवे बुश बसवूनही आवाज जात नव्हता. अंडरकोटिंग, म्हणजे तळाच्या पत्र्यावरचा संरक्षक थर, खरवडले तेव्हा बोल्टाच्या कडेपासून निघालेली, बोटाच्या पेराएवढी गंजाची तांबूस रेघ दिसली. आधीच्या गॅरेजने वर पाहिलेच नव्हते आणि मालकाला तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने मांडतो आहे.

चौकट खाली उतरली की चारही जागा वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करून घ्याव्यात आणि डाय पेनिट्रंटने तपासाव्यात. लाल द्रव लावून थोडा वेळ थांबायचे, पुसायचे आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. केसाएवढी तडही पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंग तपासणाऱ्यांना हे काम नवे नाही, म्हणून नाशिककरांना त्यासाठी बाहेर जाण्याची गरज नाही. तड सापडल्यास तिच्या टोकांना बारीक छिद्र पाडून, वेल्ड करून, वर जाड पत्र्याची पट्टी बसवावी लागते. पेट्रोलची टाकी जवळच असल्यामुळे हे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे आणि आधी बॅटरी काढून ठेवावी.

बुश चारही बदलावेत. उरलेले दोन तितकेच जुने आहेत. फाटलेल्यांच्या जागी नवे आले की चौकट एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला ढिली राहील, आणि पुढे तीच मजुरी पुन्हा लागेल. पॉलीयुरेथेनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला ते शोभते, पण रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्या प्रतीचे रबरच बसवावे. पॉलीयुरेथेन कमी दबते, त्यामुळे चालवताना गाडी नेमकी वाटते हे खरे, परंतु डिफरन्शियलची गुणगुण आत येते आणि जो धक्का रबराने गिळला असता तो सरळ त्याच तळाच्या पत्र्याकडे जातो.

जुना बुश काढण्यासाठी काही जण रबर जाळतात. तसे करू देऊ नये. धूर विषारी असतो आणि आजूबाजूला ब्रेकच्या नळ्या असतात. जाड वॉशर, योग्य व्यासाचे पाइपचे तुकडे आणि आटे पाडलेला मजबूत रॉड एवढ्यावर ओढून काढण्याचे साधन लेथवर बनवून मिळते. त्यापूर्वी बुशाच्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत याची खूण खडूने चौकटीवर करून ठेवावी, कारण नवा बुश फिरलेल्या स्थितीत बसला तर तो कंपनीने ठरवलेल्या दिशेला मऊ राहत नाही. स्प्रिंग सुटी होताना उसळू शकते आणि कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नयेत, तारेने बांधावेत.

शेवटी बोल्ट आवळताना एक चूक हमखास होते. सबफ्रेमचे बोल्ट दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळले की काम झाले, पण आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाके हवेत लोंबत असताना घट्ट केले, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडी चाकांवर उभी असताना आर्म ज्या उंचीवर असतात त्या उंचीवर आणून मगच ते आवळावेत. ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटचा कोन पुस्तिकेप्रमाणे आधीच लावून घ्यावा. अलाइनमेंट त्यानंतर करावी.

प्रश्न: आयात बुश महाग पडतात. अंबडच्या लेथवर नायलॉनचे बुश करून घेतले तर चालतील का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर: मापाला ते अचूक बनतील, यात शंका नाही, कारागिरीला इथे तोटा नाही. परंतु बुशाचे काम नुसती जागा भरण्याचे नाही, लवचीक राहून हादरा पचवण्याचे आहे, आणि नायलॉन ते करत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर मजुरीत वाचवा: चौकट उतरवलेली असतानाच डिफरन्शियलचे आणि ट्रेलिंग आर्मचे झिजलेले बुश बदलून घ्या, म्हणजे तेच बोल्ट दुसऱ्यांदा सोडावे लागणार नाहीत.