प्रश्न तुमचे : फोन कोण ऐकू शकतं?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. निम्मी बोलणी फोनवर, निम्मी व्हॉट्सॲपवर होतात. पोलीस कुणाचाही फोन टॅप करू शकतात का? व्हॉट्सॲपवरचं बाहेर जात नाही, हे खरं का?

उत्तर : मनाला येईल त्याचा फोन टॅप करता येत नाही. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम यांनुसार राज्यात हा आदेश गृह सचिव देतात. तो ६० दिवस चालतो आणि वाढवला तरी १८० दिवसांपुढे जात नाही. त्यासाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण लागतं. हीच अट आधीच्या कायद्यातही होती आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश याच मुद्द्यावर रद्द केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मात्र फार सैल आहे. मोबाइल-संगणकावरची माहिती मिळवायला तिथे ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ एवढं कारणही पुरतं.

खरी खोट पुढे आहे. आदेश तपासणाऱ्या समितीत सगळे सरकारी सचिवच, न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला तसं कळवण्याची तरतूदही नाही. कळलंच नाही तर माणूस दाद कशी मागणार? आम्हाला ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

टॅपिंग न करताही बरंच कळतं. कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि कोणत्या टॉवरवरून केला, याची नोंद म्हणजे सीडीआर. कंपन्यांना ती किमान दोन वर्षं ठेवावी लागते आणि पोलीस ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ९४ खाली मागवतात.

व्हॉट्सॲपचा मजकूर वाटेत वाचता येत नाही. तो फुटतो बॅकअपमधून. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड ठरवा किंवा ६४ अंकी की (डिजिटल किल्ली) घ्या आणि ती वहीत लिहून ठेवा. हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. समोरच्याचा बॅकअप उघडा असेल तर तुमचे मेसेज तिथून मिळतात, म्हणून त्यालाही हे करायला सांगा.

प्रश्न : तपासात फोन जप्त झाला तर काय पाहून घ्यावं? (कराड)

उत्तर : झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आहे का, ते बघा. *#०६# डायल केलं की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून घ्या. फोन तुमच्यासमोर सीलबंद करायला सांगा. डेटाची हॅश व्हॅल्यू (डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा) कधी काढली, हेही लेखी विचारा. नंतर एखादी फाइल बदलली किंवा घुसडली गेली तर हॅश जुळत नाही आणि वकिलाला नेमकं तेच दाखवता येतं. लांबून फोन पुसण्याची सोय मात्र चुकूनही वापरू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो.